रविवारचा थेंब

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज चौथा रविवार. आधीचे तीन रविवार मी खाली उतरलेच नाही. सकाळी साडेसातला बॉनेट उघडल्याचा आवाज आला नाही की मला उठायला कारणच सापडत नाही. आज मात्र माईंनी जिन्याखालून हाक मारली. गाडी बघायची नाही का, म्हणाल्या, तीन आठवडे बॉनेटला कुणी हात लावलेला नाही. त्यांना गाडीची काळजी नव्हती, हे तुम्हालाही कळलं असतं. रविवारची सकाळ आहे आणि घरात ऑइलचा वास नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. चाळीस वर्षं त्याच वासाच्या नावानं त्यांनी बोटं मोडली.

म्हणून उतरले. आणि संध्याकाळपर्यंत तुमच्याबद्दल एक अशी गोष्ट कळली की तुमच्याशी बोलल्याशिवाय आता राहवत नाही. मला ती आज कळली. तुम्हाला गेल्या दसऱ्यापासून माहीत होती.

पण सुरुवातीपासून सांगते. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला चालत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि राजाजीनगरच्या तुमच्या आणि माईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू झाले. घर दाखवताना तुम्ही पाण्याची टाकी दाखवलीत, गच्चीची किल्ली दाखवलीत, आणि शेवटी अंगणातली ती लहानशी राखाडी गाडी दाखवलीत, जणू तीही घरातली एक खोलीच. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं की तुम्ही काय करायचात. "सरकारी कारखान्यात होतो. मशिनांना तेल पाजायचो," असं म्हणालात. मला वाटलं, हे तिथे साधे कामगार असतील. पुढे कळलं की कारखान्याचं वंगणाचं अख्खं खातं तुमच्या हाताखाली होतं, आणि पीण्या या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार निवृत्तीनंतरही तुम्हाला फोन लावून मशीनचा आवाज ऐकवत. तुम्ही जेवता जेवता फोन कानाला लावून ऐकायचात आणि सांगायचात, "स्वल्प जाड तेल घाल, ओरडायची थांबेल." मग पुन्हा भाताकडे वळायचात. हे मी स्वतः किती वेळा पाहिलंय.

मग तुमच्या डोळ्यांनी कडेचं दाखवायचं बंद केलं. समोरचं नीट दिसे, बाजूचं दिसेना. डॉक्टर काही बोलायच्या आत तुम्ही गाडीची किल्ली माईंच्या देवघरात नेऊन ठेवलीत. कुणी सांगितलं नाही, कुणी भांडलं नाही. आपण होऊन किल्ली ठेवणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरात तर एकही नाही. आमचे आजोबा शेवटपर्यंत स्कूटरला किक मारत होते आणि आजी रस्त्यातून लोकांना बाजूला करत होती.

गाडी बघायला दोन-तीन माणसं येऊन गेली. तुम्ही सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलंत, कारण त्यांनी सीटकव्हर विचारलं, गाणी वाजतात का विचारलं, पण ऑइल कुणीच विचारलं नाही. शेवटी मला म्हणालात, "नागपूर अक्का, तूच घे." अट एकच होती. दर रविवारी ऑइल तुम्ही बघणार. आणि ते कधी बदलायचं हे मीही ठरवायचं नाही, तुम्हीही नाही, ते ऑइल सांगेल. मी हसत हो म्हटलं. विकलेल्या गाडीवर दर आठवड्याला हक्क सांगणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहत होते. चार रविवार येतील, मग कंटाळतील, असा माझा हिशोब होता.

तुम्ही कंटाळला नाहीत. आंघोळ, पूजा, कॉफी, आणि मग इंजिन गार असतानाच डिपस्टिक बाहेर. ती कांडी जुन्या पंच्याच्या तुकड्यानं पुसायची, परत खुपसायची, परत काढायची, आणि टोकावरचा एकच थेंब टीपकागदाच्या चौकोनी तुकड्यावर सोडायचा. मग तो कागद चार बाटल्यांच्या बुचांवर आडवा ठेवून खिडकीत वाळवायचा. पहिल्याच दिवशी मी तोंड घातलं आणि म्हटलं की ऑइल किती काळं झालंय, बदलूनच टाकू.

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काहीतरी वाईट बोलले.

"काळं होणारच. घाण उचलणं हेच त्याचं काम," म्हणालात. "काळं झालं म्हणून तेल वाईट होत नाही अक्का. घाण घेऊन ते पसरतंय का, ते बघ."

दुपारी कागद वाळला तेव्हा मला बसवून दाखवलंत. डाग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरलाय, तर ऑइलमध्ये अजून दम आहे. काळा गोळा मधेच टिकलीसारखा बसलाय आणि त्याला धारदार कड आहे, तर ते दमलं, घाण पोटात घेऊन फिरायची त्याची ताकद संपली, त्याला सोडा. मला ते पटलं की नाही आठवत नाही. पण तुमचा तो "सोडा" मला फार आवडला होता. फेका नाही म्हणालात, सोडा म्हणालात.

तरी मी भांडलेच. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी सॉफ्टवेअरवाली. आकडा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. फोनमध्ये दहा हजारांची आठवण लावून मी मोकळी झाले होते. तुमचं म्हणणं असं की गाडी किती चालली ते मीटर सांगतो, इंजिन किती चाललं ते कोण सांगणार? मी म्हणायची, अण्णा, कंपनीच्या इंजिनियरांनी एवढा विचार केला नसेल का? तुम्ही म्हणायचात, "केलाय की. पुस्तक पूर्ण वाच." मला तो टोमणा वाटायचा आणि मी आणखी चिडायची. माई स्वयंपाकघरातून म्हणायच्या की तुम्ही दोघं मिळून ते ऑइल प्या एकदाचं.

एकदा तर तुम्ही घड्याळ घेऊन माझ्याबरोबर ऑफिसला निघालात. राजाजीनगर ते कोरमंगला, पंधरा किलोमीटर असेल-नसेल. चाकं थांबली की घड्याळात बघायचात, हलली की परत बघायचात, आणि कागदावर पेन्सिलीनं रेघा मारायचात. रिचमंड सर्कलला एवढा वेळ अडकलो की तुम्ही शेजारच्या रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये त्याच्या मुलीच्या बारावीपर्यंत जाऊन पोचलात. ऑफिसच्या दारात तुम्ही कागद माझ्यापुढे धरलात. दीड तासातला अर्ध्याहून जास्त वेळ चाकं उभी होती आणि इंजिन मात्र धडधडत होतं. "तुझ्या मीटरला हे दिसलं का?" एवढंच विचारलंत आणि बस पकडून परत गेलात. मी लिफ्टमध्ये स्वतःशीच पुटपुटत वर गेले.

पण तुमच्यातलं मला सगळ्यात मोठं वाटलं ते पुढे नागपूरच्या वेळी. मी गाडी घेऊन घरी निघाले, जाऊन-येऊन सव्वादोन हजार किलोमीटर. तुम्ही टीपकागदाचे तुकडे कापून पाकिटात घालून दिलेत. नागपूरला आमच्या अंगणात मी बॉनेट उघडून थेंब टाकत होते तेव्हा बाबांनी आईला बोलावून दाखवलं की पोरगी शिकून काय झाली बघ. परत आल्यावर तुम्ही जायच्या आधीचा कागद आणि आल्यानंतरचा कागद भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही डाग जवळपास सारखेच होते. मग म्हणालात, "हायवेवर तुझं पुस्तक बरोबर आहे." आणि माईंना हाक मारून तेच पुन्हा सांगितलंत, की अक्का बरोबर होती, हायवेवर ऑइल थकतच नाही. माझ्या ऑफिसात एवढ्या मीटिंगा होतात, पण आपण चुकलो हे कुणी घरच्यांना बोलावून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. तुम्हाला जिंकायचं नव्हतंच. कागद काय म्हणतो ते तुम्हाला हवं होतं, मग तो तुमच्याविरुद्ध का बोलेना. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला, आणि तो मी तुम्हाला कधी सांगितला नाही. उलट आठवडाभर "पुस्तक बरोबर" म्हणून तुम्हाला चिडवत राहिले.

आता दसरा.

आयुधपूजेच्या आधी ऑइल बदलून घे, असं तुम्ही आठ दिवस आधी सांगितलं होतंत. कागद बरा नाही, आणि दमलेल्या ऑइलवर हळदकुंकू वाहायचं तुम्हाला पटत नव्हतं. मी हो हो म्हटलं. ऑफिसात कामाचा डोंगर होता. मागच्या बदलापासून मीटर सहा हजारांच्याही आत होता. पूजेच्या आधीच्या रविवारी कांडी पुसता पुसता तुम्ही विचारलंत, बदललंस का. आणि मी म्हटलं, हो, शुक्रवारीच बदललं, ऑफिसजवळच्या एका गॅरेजमध्ये.

एवढं सहज निघालं तोंडातून. आमच्या कामात अशी सवयच लागते, अण्णा. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर झालंय म्हणायचं आणि मग दुपारी बसून करायचं. त्याला आम्ही खोटं म्हणतच नाही.

तुम्ही मान हलवलीत. थेंब सोडलात. मी कागदाकडे बघितलं नाही, फोनमध्ये डोकं घातलं. दुपारी जिन्यात भेटलात तेव्हा विचारलंच, काय म्हणतो कागद? तुम्ही म्हणालात, "सरी आहे." म्हणजे ठीक आहे. बस, एवढंच.

सोमवारी सकाळी मी कॅबनं कोरमंगल्याला गेले आणि कामासाठी दोन रात्री मैत्रिणीच्या पीजीत राहिले. बुधवारी आले. गुरुवारी पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला, कोहळा फोडला, आणि तुम्ही बॉनेटवर मन लावून कुंकू रेखलंत. मी हात जोडून उभी होते. मिनिटभर फार ओशाळल्यासारखं झालं, मग प्रसादाची कोसंबरी, म्हणजे मुगडाळीची कोशिंबीर, आली आणि ते गेलं. त्या रविवारी तुम्ही कागद खिडकीत ठेवलात आणि म्हणालात, "छान पसरतंय." त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. तेव्हाही मी कागदाकडे बघितलं नाही. लपवणारा माणूस पुराव्याकडे बघत नाही.

पण मनातल्या मनात मी जिंकले होते. न बदललेल्या ऑइलला तुम्ही छान म्हणत होतात! म्हणजे तो टीपकागद, ती बुचं, ते भिंग, सगळा म्हातारपणीचा खेळ. मी हे ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सांगितलं. रंगवून सांगितलं. सगळे हसले आणि मीही हसले. आणि वर स्वतःला मोठ्या मनाची समजले, की बघा, मला सगळं माहीत आहे, पण म्हाताऱ्या माणसाचं मन दुखवायला नको म्हणून मी गप्प आहे. फेब्रुवारीत तुम्ही आता बदल म्हणालात, तेव्हा मुकाट्यानं पीण्याच्या अलीकडे तुमच्या ओळखीच्या नागराजच्या गॅरेजला जाऊन खरंच बदलून आणलं. तेही तुमच्यावर दया म्हणून. नागराजनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

तुमच्या शेवटच्या रविवारी थेंब मीच टाकला आणि कागद तुमच्या पलंगाशी आणला. भिंग मीच तुमच्या डोळ्यांपुढे धरलं. एवढ्या जवळून तुमचा चेहरा बघितला आणि माझा धीर सुटला. मी म्हटलं, अण्णा, त्या दसऱ्याच्या वेळी मी...

"टायरची हवा बघितलीस?" तुम्ही विचारलंत.

नाही म्हटलं.

"बघून ये मग. आत्ता."

मी बाहेर गेले, चारही टायर दाबून पाहिले, आणि आत आले तोवर तुम्हाला झोप लागली होती. मला वाटलं, यांचं आता लक्ष राहत नाही, एका बोलण्यातून दुसऱ्यात जातात. तेव्हाही मी तुम्हालाच कमी लेखलं.

आज सकाळी कांडी काढली, तुमच्याच पंच्यानं पुसली, थेंब टाकला. दुपारी वाळलेला कागद पाहिला तर मधे काळी टिकली आणि कड धारदार. पण माझ्या नजरेवर माझा विश्वास बसेना. जुन्या कागदांशी ताडून बघावं म्हणून माईंकडे मागितले. त्यांनी बुटांचं एक मोठं खोकं काढून दिलं. सगळे रविवार त्यात ओळीनं लावलेले, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि मीटरचा आकडा, आणि ज्या कागदावर बदल असं ठरलं त्याच्या कोपऱ्यात एक छोटी फुली. मी हॉलभर ते पसरले. पंख्यानं उडू नयेत म्हणून माईंनी त्यांवर वाट्या ठेवल्या. एवढे कागद एकत्र पाहिल्यावर डोळ्यांना आपोआप दिसतं, अण्णा. शहरातल्या गाडीला फुली साधारण साडेचार-पाच हजारांवर. फक्त नागपूरच्या वर्षी ती लांब गेलीय. म्हणजे आकडा तुमच्याकडे होता. मी किती वेळा मागितला, एक आकडा द्या, मी फोनमध्ये टाकते. तुम्ही देत नव्हतात. मी माईंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तो मिळाला असता तर तू रविवारी खाली आली असतीस का गं?"

तेवढ्यात दसऱ्याच्या आठवड्याचा कागद हातात आला. रविवारचा. मधे काळीकुट्ट टिकली, कड सुरीनं कापल्यासारखी. कोपऱ्यात फुली. सरी आहे म्हणालात तो हा कागद! आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, मधासारखा पिवळा, स्वच्छ. मीटरचा आकडा अगदी तोच, दहाचाही फरक नाही. तारीख पाहिली तर मंगळवार. अख्ख्या खोक्यात तेवढा एकच मंगळवार आहे.

माईंना दाखवला. त्या म्हणाल्या, हो की, तेव्हा नागराज घरी आला होता, तुम्ही दोघं गाडीखाली शिरला होतात, तुमची कंबर नंतर चार दिवस धरली होती. तू नव्हतीस ना तेव्हा, म्हणाल्या. त्यांना वाटत होतं की मला ठाऊक आहे.

मी गाडी काढली आणि थेट नागराजकडे गेले. रविवारी तो दुपारनंतरही असतो. मी त्याच्यापुढे ते दोन कागद धरले. त्यानं हात पुसले, कागद उन्हाकडे करून पाहिले आणि हसला. मग त्याच्या कन्नडमिश्रित हिंदीत त्यानं जे सांगितलं ते मराठीत आणायचं तर असं. त्यानं तुम्हाला विचारलं होतं की अण्णा, मॅडम तर बदललं म्हणाली, तुम्हीच सांगताय, मग हे काळं कसं? तिला सांगायला नको का? आणि तुम्ही त्याला म्हणालात:

"अक्का झालंय म्हणते ना? मग झालेलं असायला पाहिजे. काढ तेलाचा प्लग."

अण्णा, मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले आणि रडले. नागराज बिचारा गोंधळला, त्यानं आधी पाणी दिलं, मग चहा मागवला.

रागही आला, खोटं कशाला सांगू. एकदा कान धरायचा होतात ना माझा. बापमाणूस होतात, हक्क होता तुम्हाला. तुम्ही बोलला असतात तर मी त्या टेबलावर तुमच्यावर हसले नसते. एवढे महिने मी तुमच्या समोर बसून मनात तुम्हाला हसत होते, आणि तुम्ही मला कॉफी देत होतात. त्या वयात, त्या डोळ्यांनी, त्या कमरेनं तुम्ही गाडीखाली सरपटत गेलात, ते इंजिनसाठी नव्हे. इंजिनाला आणखी आठ दिवसांनी काही झालं नसतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझा शब्द खोटा पडू नये म्हणून गेलात. माझं खोटं तुम्ही पकडलं नाहीत, बसून खरं केलंत. आणि शेवटी मी सांगायला आले तर टायर बघायला पाठवलंत. मला मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी.

नागराज ऑइल बदलत होता तेव्हा वेळ होता म्हणून मी डिकीच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. ते दहा हजारांचं कोष्टक मला पाठ आहे. त्याचं पान उलटलं. मागच्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की गाडी वारंवार थांबत-थांबत चालत असेल, बराच वेळ उभ्यानं इंजिन चालू राहत असेल, तर ऑइल निम्म्या अंतरावरच बदला. पुस्तक पूर्ण वाच, असं तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात. ते पान माझ्या नाकासमोर उघडून धरलं असतंत तर भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं. धरलं नाहीत. कदाचित मी स्वतः उलटेन म्हणून वाट पाहत होतात, किंवा माई म्हणतात ते खरं असेल. हे भांडण आता असंच राहणार. मला अजून एक मुद्दा मांडायचा होता, की पेट्रोलच्या गाडीत डाग कधी फसवूही शकतो. तुम्ही काय म्हणाला असतात ते मी गाडी चालवताना ऐकायचा प्रयत्न केला. "मग दोन थेंब टाकून बघू," असंच काहीतरी म्हणाला असतात.

फोनमधली ती दहा हजारांची आठवण मी पुसून टाकली. साडेचार हजारांचीही लावली नाही. दर रविवारी सकाळी साडेसात, एवढंच लावलंय. माईंनाही सांगितलंय. बुचं त्या धुऊन ठेवणार आहेत, म्हणजे पहिल्यांदाच त्यांनी ऑइलच्या बुचांना हात लावायचं कबूल केलंय. उद्या जेवणाच्या टेबलावर ती गोष्ट मला पुन्हा सांगायची आहे, या वेळी शेवटापर्यंत. हसणारे तेच लोक असतील, आणि त्यांनी हसायचं आहे ते माझ्यावर.

मला तुमची फार आठवण येते, अण्णा. मी तुम्हाला कमी समजले, त्याबद्दल माफी मागायची होती आणि तुम्ही ती मागू दिली नाहीत. मग तुमच्याच पद्धतीनं सांगते. नागराजकडून आले, इंजिन गार होऊ दिलं, थेंब टाकला, कागदामागे तुमच्या पेन्सिलीनं तारीख आणि मीटर लिहिला.

ऑइल बदललंय, अण्णा. कागद खिडकीत वाळतोय. बघून घ्या.